एआयच्या चित्रातून एसव्हीजी आकृती

अकरावीच्या नोट्ससाठी मी तंतुकणिकेची (पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाची) आकृती एआयकडून काढून घेते. येते ती पीएनजी, म्हणजे ठिपक्यांचं चित्र, त्यात एक नावही बदलता येत नाही. एसव्हीजी रेषा-आकारांची असते, ती बदलता येते. मग ती काढायचं सॉफ्टवेअर, इंकस्केप, उघडायचं. फुकट आहे.

चित्र आत आणून निवडा, पाथ मेनूतलं ट्रेस बिटमॅप उघडा. मल्टिकलरमध्ये कलर्स घ्या, स्कॅन, म्हणजे किती रंग, ते सहा-आठच ठेवा. जास्त घेतलेत तर छटांचे थर निस्तरत बसाल. अप्लाय केल्यावर मूळ पीएनजी काढून टाका, कंट्रोल-शिफ्ट-जीने गट सोडवा. एका रंगाचे सगळे तुकडे एकाच पाथमध्ये (रेषाकृतीत) असतात, ते पाथ मेनूतल्या ब्रेक अपार्टने सुटे होतात.

अक्षरांचे नुसते आकार झालेले असतात. ते सरळ पुसा, टेक्स्ट टूलने नव्याने टाइप करा. एआयच्या स्पेलिंगवर तसाही माझा भरवसा नाही. बाह्यपटल मी पेन टूलनेच काढते, मोजके नोड (रेषेवरचे बिंदू) पुरतात. कंट्रोल-एलनेही नोड कमी होतात, पण कोपरे बोथट होतात.

पाठ्यपुस्तक शेजारी उघडं हवंच. क्रिस्टे म्हणजे आतल्या पटलाच्याच घड्या. एआय त्या अनेकदा मधेच तरंगत्या काढतं. त्या पटलाला जोडा, मगच एसव्हीजी सेव्ह करा. छपाईला पीडीएफ.