झिजलेली शिवराई कशी वाचावी

शिवराई हे मराठ्यांच्या राज्यातले तांब्याचे लहान नाणे असून, रायगडावर १६७४ मध्ये झालेल्या राज्याभिषेकाशी त्याचा आरंभ जोडला जातो. त्याच्या एका बाजूला ‘श्री / राजा / शिव’ असा तीन ओळींचा, तर दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’ असा दोन ओळींचा देवनागरी लेख असतो आणि भोवती ठिपक्यांचे वर्तुळ असते. राजाची प्रतिमा नाही आणि सनही नाही. म्हणून हे नाणे त्याच्या अक्षरांवरूनच वाचावे लागते.

नाणे काळ्या कापडावर ठेवून एका बाजूने तिरपा उजेड पाडावा आणि ते हळूहळू फिरवत पाहावे. समोरून पडलेल्या उजेडात सपाट दिसणारी अक्षरे अशा वेळी सावलीमुळे उठून दिसतात. ठसा पुष्कळदा चकतीपेक्षा मोठा असे व घाव हातोड्याने घातला जाई, त्यामुळे संपूर्ण लेख एकाच नाण्यावर क्वचित सापडतो. ‘राजा’मधला ‘जा’ किंवा ‘छत्र’मधला ‘त्र’ एवढेच स्पष्ट असले, तरी त्यावरून ओळींची दिशा ठरवता येते आणि उरलेली अक्षरे कुठे असायला हवीत ते कळते.

यानंतरचा प्रश्न काळाचा, आणि इथे घाई अजिबात करू नये. महाराजांच्या पश्चात पेशवाईतही त्यांच्याच नावाने शिवराया पाडल्या जात होत्या, आणि आज हाती येणाऱ्या नाण्यांत अशा उत्तरकालीन नाण्यांचा भरणा मोठा आहे. प्रमाणबद्ध, डौलदार अक्षरे, नीट ठिपक्यांचे वर्तुळ आणि भरीव वजन ही जुनेपणाची लक्षणे मानली जातात. ‘सिव’, ‘पती’ अशी बदललेली रूपे, ढोबळ अक्षरे, किंवा ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन समांतर आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई नंतरच्या काळाकडे बोट दाखवते. मात्र एकाच लक्षणावर निकाल देऊ नये; वजन, अक्षरवळण आणि शुद्धलेखन ही तिन्ही एकत्र पाहावीत, आणि विक्रेता प्रत्येक शिवराई ‘महाराजांच्या काळातली’ म्हणून देऊ लागला, तर त्याच्याकडे नेमका आधार मागावा.

ओतीव नकलेच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात, अक्षरांच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतात आणि काठावर सांध्याची रेघ सापडू शकते. खऱ्या नाण्याचा काठ बहुधा ओबडधोबड, कुठे कुठे तडकलेला असतो.

चिंच, लिंबू किंवा पावडर लावून नाणे चकचकीत करू नये. वर्षानुवर्षे जमलेला तपकिरी थर निघून गेला की अक्षरांच्या कडाही झिजतात, आणि हे नुकसान कधीच भरून येत नाही. माती असेल, तर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून मऊ ब्रशने काढावी, नाणे पूर्ण कोरडे करावे आणि प्लास्टिकच्या पिशवीऐवजी आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवावे. पाकिटावर वजन, व्यास, वाचता आलेला लेख आणि नाणे कुठून मिळाले याची नोंद करावी. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याखाली येते, त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकांना ते भेट म्हणून परस्पर पाठवता येत नाही.