तारसप्तकात आवाज चढवताना

मध्य षड्ज, म्हणजे मधल्या सप्तकातला सा, सेकंदाला 240 कंपनांचा धरला, तर तार षड्जासाठी, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा साठी, स्वरतंतूंना तेवढ्याच वेळात 480 वेळा कंप पावावे लागते. हा दुप्पट वेग मुख्यतः तंतू ताणले जाऊन पातळ झाल्याने साधतो. नुसती अधिक हवा रेटून नव्हे. तंतू जाडच ठेवून दाब वाढवला, तर सूर काही काळ चढतो खरा, पण तंतू एकमेकांवर आपटून सुजतात आणि हे महिनोन्‌महिने चालले तर त्यांवर गाठीही येऊ शकतात.

प्रथम आपली आजची मर्यादा तपासावी. पेटीवर एकेक सूर धरून हलक्या आवाजात आकार (लांबवलेला ‘आ’) लावत वर जावे आणि जिथे हनुवटी उचलली जाते, मानेच्या शिरा फुगतात किंवा जबडा आवळतो, तिथे थांबावे. ओढूनताणून लागणारा शेवटचा सूर आणि सहज लागणारा शेवटचा सूर यांत बहुधा दोन-तीन सुरांचे अंतर असते. सराव या सहज सुरापासून मोजायचा.

मध्य सप्तकात काही मिनिटे गुणगुणून गळा तापला, की ओठ सैल मिटून फुर्र करत, किंवा बारीक नळीतून ऊकार काढत, सा ते प असा पाच स्वरांचा पलटा (ठरावीक क्रमाची स्वररचना) चढता-उतरता म्हणावा. तोंडाची वाट अरुंद झाल्याने आत साचणारा हवेचा दाब तंतूंना आधार देतो आणि ते कमी जोराने भिडतात. प्रत्येक फेरीला षड्ज अर्ध्या सुराने वर न्यावा, मात्र सहज मर्यादेपलीकडे अर्धा सूरच जावे आणि तो दोन-चार वेळा स्वच्छ लागला की खाली उतरावे. हे जमू लागल्यावर ऊकार, मग ओकार आणि शेवटी आकार घ्यावा, कारण वरच्या सुरांवर मोकळा आकार सर्वांत अवघड असतो. तो किंचित गोल केला तर बिघडत नाही.

खालचा भारी आवाज पातळ आवाजाला मिळतो, त्या सांध्यावर अनेकांचा सूर फुटतो. अशा वेळी खालून धडका देत राहण्यापेक्षा वरचा सूर ऊकारात अगदी हलका लावावा आणि तिथून मींडेने, म्हणजे सूर न तोडता घसरत, खाली यावे, म्हणजे तंतूंचा पातळपणा सांध्याच्या खालीही टिकतो. आवाज सुरुवातीला बारीक, काहीसा पोकळ वाटेल. त्यात लगेच जोर भरण्याचा मोह आवरावा.

वरच्या सुरांचा असा सराव दिवसाला दहा-पंधरा मिनिटे पुरे. दुखणे, टोचणे किंवा घोगरेपणा जाणवताच थांबावे आणि गळा बधिर करणारी गोळी चघळून गाऊ नये, कारण थांबण्याची सूचना देणारी वेदनाच त्यामुळे कळेनाशी होते. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे. प्यायलेले पाणी अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंवर पडत नाही, त्यामुळे गाण्याच्या तोंडावर पेलाभर पिऊन ओलावा येत नाही. दुसऱ्या दिवशी मध्य सप्तकातले हळू सूर खरखरत असतील, तर आदला सराव जास्त झाला असे समजावे. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू तपासून घ्यावेत. कार्यक्रम जवळ आला असेल, तर गाण्याची पट्टी (ज्या उंचीवर सा धरतो ती) सरळ उतरवावी; श्रोत्यांच्या ते क्वचितच लक्षात येते.