रोजच्या गाडीचा पिकअप वाढवायचा तर: खानदेशचं ऊन आणि धूळ धरून

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात गेला की बऱ्याच गाड्यांचा पिकअप मेल्यासारखा होतो. मग कुणी सायलेन्सर बदलतो, कुणी फिल्टर, कुणी थेट रिमॅपवाल्याला (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून देणाऱ्याला) फोन लावतो. खर्च होतो आणि गाडी पहिल्यासारखीच राहते. आपल्या भागात इंजिनची ताकद खाणाऱ्या मुख्य गोष्टी दोनच आहेत, गरम हवा आणि धूळ. त्यांचा बंदोबस्त झाल्यावरच बाकीच्या कामांचा उपयोग दिसतो.

काहीही विकत घेण्याआधी गाडी मोजा. सकाळी लवकर, सरळ मोकळ्या रस्त्यावर, एसी बंद ठेवून तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून ८० ला जायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याने जीपीएस ॲपवर बघायचं. दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा घ्या आणि सरासरी काढा. प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेळी परत मोजा. आकडा नसला तर नुसत्या आवाजालाच लोक पिकअप समजतात.

मग इंजिनची तब्येत. चारही प्लग काढा, इंजेक्टर आणि कॉइलचे सॉकेट सोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा फेरे क्रँक करा आणि प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (गेजवर दिसणारा आतला दाब) लिहून ठेवा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर रिंग झिजल्या आहेत, नाही चढला तर बहुतेक व्हॉल्व्ह गळतोय. अशा इंजिनवर मॉडिफिकेशनचा एक रुपयाही घालू नका. ब्रेकही बघा. दहा किलोमीटर जोराचा ब्रेक न मारता गाडी चालवा आणि उतरून प्रत्येक चाकाजवळ हात धरा. एकच चाक गरम लागलं तर बहुतेक त्याची कॅलिपर पिन (ब्रेक पॅड दाबणारा भाग ज्यावर सरकतो ती) चिकटली आहे. ती साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं की कित्येकदा ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रारच संपते.

आता हवेचं काम. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

बोनेटमध्ये उघडा बसवायचा शंकूसारखा फिल्टर दिसायला रेसिंगचा वाटतो, पण तो इंजिनवरची तापलेली हवा ओढतो. कंपनीचा बंद एअरबॉक्स ग्रिलच्या मागून बाहेरची हवा घेतो. हिशेब सोपा आहे. आत जाणारी हवा ५० अंशांऐवजी ७० अंशांची झाली की ती साधारण सहा टक्के विरळ होते, आणि साध्या पेट्रोल इंजिनची ताकदही जवळजवळ तितकीच घटते. शिवाय नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, प्लगच्या ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, तो तोटा वेगळा. फिल्टरमधून हवा मोकळी गेल्याने मिळणारे एक-दोन टक्के यात कुठल्या कुठे जातात. खात्री करायची असेल तर साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला जोडून इंजिनचे आकडे दाखवणारं यंत्र) लावून इनटेक, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचं, तापमान बघा. एकदा चालत्या गाडीत आणि एकदा सिग्नलला उभं राहून.

धुळीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे, कारण ती इंजिन कायमचं झिजवते. काळ्या मातीचे शेतरस्ते, वीटभट्ट्या, जिनिंगच्या आसपास उडणारा कापूस हे सगळं फिल्टरवर येऊन बसतं. कागदी फिल्टर दर ५,००० किलोमीटरला उघडून बघा. कॉम्प्रेसरने झटकायचा असेल तर हवा आतून बाहेर आणि हळू मारा. जोरात मारली की कागदाला न दिसणारी भोकं पडतात. फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनकडच्या पाइपात पांढरं कापड फिरवा. कापडाला माती लागली तर फिल्टर फाटलाय किंवा रबरी कड नीट बसलेली नाही. तेल लावायचा कापडी फिल्टर टाकायचाच असेल तर तो कंपनीच्याच एअरबॉक्समध्ये बसणारा घ्या. तेल कमी पडलं तर बारीक धूळ आत जाते, आणि जास्त झालं तर ते एअरफ्लो सेन्सरवर बसून मिश्रण बिघडवतं. आपल्या रस्त्यांवर वेळच्या वेळी बदललेला चांगला कागदी फिल्टरच आम्हाला सरस वाटतो.

कूलिंगमध्ये नवीन काही बसवायची क्वचितच गरज पडते. रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत कापूस आणि किडे अडकून नमदा झालेला असतो. पाणी इंजिनकडून बाहेरच्या बाजूला, कमी दाबाने मारा, नाहीतर पातळ पाती वाकतात. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं ठेवा. बोअरचं पाणी टाकू नका, क्षार साचून नळ्या बुजतात. ‘गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाका’ हा सल्ला ऐकू नका. तो काढला की इंजिन नेमक्या तापमानाला येत नाही, ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि ॲव्हरेज पडतं.

गाडी पळण्याआधी थांबली पाहिजे. चाळीसगावहून कन्नड घाट चढून परत उतरताना किंवा तोरणमाळहून खाली येताना पॅडल मऊ पडलं तर आधी ब्रेक ऑइल बघा. ते हवेतला ओलावा शोषतं. नवीन डॉट ४ (हा ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. दर दोन वर्षांनी बदला. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं, पण सिलिकॉनचं डॉट ५ कधीच टाकू नका.

टायर बदलताना बाहेरचा व्यास कायम राहिला पाहिजे. उदाहरणार्थ स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर १४ येतो, वरच्याला १८५/६५ आर १५. यात पहिला आकडा रुंदी मिमीमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिम इंचांत. पहिल्याचा व्यास: १४ गुणिले २५.४, अधिक १६५ च्या ८० टक्क्यांची दुप्पट, म्हणजे सुमारे ६२० मिमी. दुसऱ्याचा ६२१.५. फरक नगण्य, त्यामुळे स्पीडोमीटर आणि गिअरिंग बिघडत नाही. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा साइज घेणं हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. त्याहून रुंद आणि जड अलॉय घातले की पिकअप, ॲव्हरेज दोन्ही पडतात. आणि उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवायची पद्धत इथे फार आहे, ती चुकीची आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, जास्त तापते आणि त्यानेच टायर फुटतो. सकाळी गार टायरला कंपनीने सांगितली तेवढी हवा भरा, तापल्यावर वाढलेली सोडू नका.

सायलेन्सर बदलून साध्या इंजिनला जेमतेम काही मिळतं आणि आवाजाचा दंड मात्र नक्की. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढणं बेकायदा आहे. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं गावातल्या गतिरोधकांपुढे टिकत नाही. सीएनजी लावली असेल तर गॅस हवेची जागा घेत असल्याने दहा-पंधरा टक्के ताकद कमीच मिळणार. प्लगचा गॅप थोडा कमी करा, टायमिंग ॲडव्हान्सर (ठिणगी थोडी आधी पाडणारं यंत्र) बसवा, आरसीवर नोंद आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी चुकवू नका.

राहिला रिमॅप. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या पेट्रोल गाडीला रिमॅप करून पाचेक टक्के मिळतात, तेवढ्यासाठी खर्च करू नका. टर्बो गाडीत मात्र खरा फरक पडतो, वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत, कारण बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आणि इंधन दोन्ही वाढवता येतात. स्वस्तातला ट्यूनिंग बॉक्स डिझेलच्या रेल प्रेशर सेन्सरच्या (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणाऱ्या) जागी ईसीयूला खोटा सिग्नल देतो. दाब खरा किती आहे हे ईसीयूला कळतच नाही, आणि ताण पंप व इंजेक्टरवर येतो. करायचं तर ईसीयूच्या आतला मॅप बदलणाऱ्याकडे जा, आणि मूळ फाइलची प्रत स्वतःकडे घ्या. त्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा: १,८०० आरपीएमच्या खाली टॉर्क फार वाढवू नको, आणि इनटेक तापमान चढलं की बूस्ट कमी करणारं कंपनीचं संरक्षण तसंच ठेव. बीएस ६ डिझेलचं डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून देतो म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा.

कायद्याने कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय केलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रिमॅपने वॉरंटीही जाते, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी अडतो. हे सगळं तोलून मगच ठरवा.

रिमॅपनंतर पहिल्या आठवड्यात चौथ्या गिअरमध्ये ५० वर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बघा. आरपीएम वर गेले पण वेग मागे राहिला तर क्लचप्लेट घसरतेय; मॅप उतरवा किंवा क्लच बदला. मागून काळा धूर दिसला तर डिझेल जास्त पडतंय, परत दुरुस्त करून घ्या. दुपारच्या उन्हात स्कॅनर लावून घाट चढा आणि कूलंटचं तापमान लिहून ठेवा. ते चढतच राहिलं तर एसी बंद करून बाजूला थांबा, इंजिन चालूच ठेवा, आणि तो लॉग रिमॅपवाल्याला दाखवा. इंजिन ऑइल १०,००० ऐवजी ७,००० किलोमीटरला बदला. घाट चढून वर पोचल्यावर चावी फिरवण्याआधी मिनिटभर आयडलवर राहू द्या, टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तोवर फिरत राहतं आणि जळून चिकटत नाही.