फोममुळे आजार झालाय असं वाटतंय? केसच्या आधी फोमची फाईल बनवा

अमेरिकेतल्या फायर फोमच्या केसेसचे व्हिडिओ आता आपल्या ग्रुप्सवर पण फिरायला लागलेत, फायरमध्ये काम केलंय का, डॉलरमध्ये भरपाई मिळेल, फॉर्म भरा वगैरे. नेरूळपासून उरणपर्यंत टर्मिनलवर, टीटीसी नाहीतर तळोजा एमआयडीसीच्या फायर टीममध्ये किंवा जहाजावर नोकरी केलेली माणसं ढिगाने आहेत, त्यामुळे विचारणारे पण खूप. तर पहिली गोष्ट, त्या फॉर्मवर आधार, पॅन, रिपोर्ट काही टाकू नका.

मामला काय आहे ते थोडक्यात. तेलाच्या आगीवर नुसतं पाणी मारून भागत नाही म्हणून एएफएफएफ फोम मारतात, तो तेलावर पातळ पापुद्रा धरतो आणि हवा तोडतो. जुन्या फोममध्ये हे जमवून आणणारी रसायनं म्हणजे पीएफएएस (फ्लोरिन असलेल्या रसायनांचा एक गट), त्यातली पीएफओएस आणि पीएफओए ही दोन सगळ्यात बदनाम, अंगात गेली की निघायला वर्षं लागतात. 2023 च्या शेवटी आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) पीएफओएला माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, पीएफओएसला 2बी मध्ये, म्हणजे शक्यता आहे पण पुरावा कमी. अमेरिकेतल्या केसेस 2018 पासून साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या फेडरल कोर्टात जज रिचर्ड गर्गेल यांच्यापुढे एकत्र चालल्यात. फोम बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने 2023 मध्ये कबूल केलेले 10.3 अब्ज डॉलर सगळ्यांना पाठ आहेत, पण ते पैसे आजारी माणसांचे नाहीतच, तिथल्या पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थांना पाणी तपासायला आणि साफ करायला आहेत. आजाराचे दावे वेगळे चालतात आणि त्यात मुख्य नावं किडनीचा आणि वृषणाचा कॅन्सर, थायरॉइड, अल्सरेटिव्ह कोलायटिस अशी ठरावीक. तुम्ही ऐरोलीत राबलात, फोम इथेच मारला, पगार इथल्या कंपनीचा, तर त्या कोर्टात तुमचं काम होणं जवळपास अशक्य. नोकरीच तिकडे केली असेल तरच तिकडच्या वकिलाशी बोला.

आता इथलं. माझ्या मते बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात, हॉस्पिटलची जाडजूड फाईल घेऊन वकिलाकडे जातात आणि वकील पहिलाच प्रश्न विचारतो की फोम कुठला होता, तिथे गाडी अडते. आजाराचे कागद बहुतेकदा परत मिळतात, टाटाच्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक कॅन्सर सेंटरमध्ये ट्रीटमेंट असेल तर केस नंबर देऊन मागता येतात. फोमचा कॅन मात्र भंगारात गेला की गेला.

म्हणून आधी कॅन. स्टोअरमध्ये अजून जुने कॅन पडलेत का ते आत असलेल्या ओळखीच्या माणसाला विचारा आणि लेबलचा फोटो मागवा, पण लांबून नको, कंपनीचं नाव, 3 टक्के की 6 टक्के (पाण्यात मिसळायचं प्रमाण), बॅच नंबर, बनवल्याची तारीख, आयएस 4989 (फोमचं भारतीय मानक) चा शिक्का, हे सगळं वाचता आलं पाहिजे. लेबल उडालेलं असेल तर त्या मालाची एमएसडीएस (रसायनाच्या सुरक्षेच्या माहितीचं पत्रक) शोधा आणि त्यात सीएएस नंबर (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) बघा, पीएफओएसचा 1763-23-1 आणि पीएफओएचा 335-67-1, पण बऱ्याचदा तिथे नुसतं फ्लोरोसर्फॅक्टंट (फ्लोरिनवालं फेसाचं रसायन) लिहून मोकळे होतात, तरी ते पान ठेवाच. मग तुम्ही तिथे होता याचा पुरावा: अपॉइंटमेंट लेटर, ड्युटी रोस्टर, मॉक ड्रिलचं रजिस्टर, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, ड्रिलचे जुने ग्रुप फोटो (पांढऱ्या फोममध्ये गुडघाभर उभे असलेले फोटो असतातच कोणाकडेतरी, तेव्हा मजा वाटायची). जहाजवाल्यांनी सीडीसी (खलाशाचं नोंद-पुस्तक) जपून ठेवायचं, कुठल्या जहाजावर कधीपासून कधीपर्यंत ते त्यातच असतं. जहाजांवर पीएफओएसवाल्या फोमला 1 जानेवारी 2026 पासून बंदी आलीय, जुन्या जहाजांना त्यानंतरच्या पहिल्या सर्व्हेपर्यंत मुदत, म्हणजे जुना माल आता भराभर उतरवला जाणार, तेव्हा घाई करा.

सरकारी किंवा महापालिकेचं फायर स्टेशन असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपये फी आणि 30 दिवसांची मुदत, आणि "फोमबद्दल सर्व माहिती द्या" असं मोघम लिहू नका, अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंतच्या फोम खरेदीच्या ऑर्डर आणि स्टॉक रजिस्टरच्या प्रती मागा. खाजगी कंपनीला माहिती अधिकार (आरटीआय) लागू होत नाही, तिथे सेफ्टी ऑफिसरच्या नावे पत्र द्यायचं आणि दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का घ्यायचा. उत्तर नाही आलं तरी तो शिक्का पुढे कामाला येतो.

दावा कुठे, तर ईएसआयसी कापला जात असेल तर व्यवसायजन्य आजार म्हणून तिकडेच, मालकावर वेगळी भरपाई मागता येत नाही. ईएसआयसी नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाई. हा 1923 चा कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे, त्यामुळे जुनं प्रकरण कुठल्या कायद्याखाली बसतं आणि मुदत किती ते वकिलाकडून लगेच तपासून घ्या. जुन्या कायद्याच्या आजारांच्या यादीत पीएफएएस हे नाव नाही, पण हायड्रोकार्बनच्या विषारी हॅलोजन संयुगांमुळे होणारे आजार अशी एक नोंद आहे आणि फ्लोरिन हॅलोजनच आहे. हा मुद्दा टिकेलच असं नाही, पण वकिलापुढे ठेवाच. कामगार नसून शेजारच्या वस्तीतले असाल, बोअरचं पाणी खराब झालंय असा संशय असेल, तर पुण्याचा हरित लवाद (पर्यावरणाच्या केसेसचं कोर्ट), तिथे भरपाईच्या अर्जाला साधारण 5 वर्षांची मुदत असते.

रक्ताची पीएफएएस टेस्ट कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होत नाही आणि महागडी असते, शिवाय ती रसायन अंगात आहे एवढंच सांगते, आजार त्यानेच झाला हे नाही. म्हणून डॉक्टरकडून कामाचा इतिहास पण केसपेपरवर लिहून घ्या, "फायरमन, फोम हाताळणी, इतकी वर्षं" एवढी ओळ तरी हवी, आणि ती डॉक्टरच्या हातची पाहिजे.

वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरण. औद्योगिक कामगाराला तिथे उत्पन्नाची अट नाही, हेल्पलाईन 15100. फक्त ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं, आणि खारघर, तळोजा, उरण रायगडमध्ये, म्हणजे ऑफिस अलिबागचं, नाहीतर ठाण्याला जाऊन दिवस फुकट जायचा.