किरणोत्सर्गाचा इशारा आला तर: अंगावरची धूळ कशी उतरवावी

मराठवाड्यात अणुवीज केंद्र नाही म्हणून निर्धास्त राहू नका. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळतं आणि २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ पोचून एक कामगार दगावला होता. भंगारात पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचं चिन्ह दिसलं, तर हात न लावता सगळ्यांना लांब न्या आणि ११२ ला कळवा.

हवेत किरणोत्सारी धूळ पसरल्याचा इशारा आला की घरात शिरा, दारं-खिडक्या लावा, रेडिओ लावा. कूलर आधी बंद करा, तो बाहेरचीच हवा आत ओढतो. पत्र्याच्या खोलीपेक्षा शेजाऱ्याच्या स्लॅबच्या घराची मधली खोली बरी. प्रशासन सांगेपर्यंत गाडी काढून पळू नका.

खरी कसोटी बाहेरून आलेल्या माणसाची. वरचे कपडे काढले की अंगावरची ९० टक्क्यांपर्यंत धूळ जाते, हे सगळेच सांगतात. कसे काढायचे ते कुणी सांगत नाही. गावात पहिला सराव घेतला तेव्हा धूळ म्हणून मी अंगावर गुलाल टाकून घेतला आणि सवयीनं बनियन डोक्यावरून ओढला. पापण्या, ओठ, नाकपुड्या लाल! खरी धूळ असती तर ती पोटात गेली असती, आणि पोटात गेलेली धूळ धुऊन निघत नाही.

म्हणून डोक्यावरून काहीही ओढायचं नाही. आधी ओला रुमाल नाकातोंडावर बांधा. चपला उंबऱ्याबाहेर. सदऱ्याची बटणं सोडा आणि आतली बाजू बाहेर येईल असा तो मागे गुंडाळत उतरवा. बनियन समोरून उभा कापा. शंभर रुपयांच्या कपड्याची हळहळ नको. पदर झटकायची सवय फार वाईट. निऱ्या सोडून साडी जागीच खाली पडू द्या, मग हलकेच गुंडाळा. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, माणसा-जनावरांपासून लांब ठेवा.

मग साबणानं अंघोळ. खसाखसा घासू नका. केसांना शांपू चालेल, कंडिशनर नको; त्यानं धूळ केसांना चिकटते. टँकर आला नसेल तर ओल्या फडक्यानं चेहरा, मान, हात पुसा, दर वेळी नवी घडी घ्या.

आयोडीनच्या गोळ्या फक्त थायरॉईडला, तेही किरणोत्सारी आयोडीनपासूनच वाचवतात. सरकारी सूचना येईपर्यंत घेऊ नका. जास्तीचं आयोडीनयुक्त मीठ खाऊन तर काहीच साधत नाही.

घरच्यांना एकदा गुलाल लावून हा सराव करायला लावा. शेवटी प्रत्येकाच्या हातात आरसा द्या.