जुन्या लष्करी गाड्या आणि विमानं दुरुस्त करताना या चुका टाळा

पन्नास वर्षं शेडमध्ये पडून असलेल्या जीपचं जे नुकसान गंजाने केलेलं नसतं, ते बाहेर काढल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात उत्साहाच्या भरात होतं. पुढच्या बहुतेक चुका त्याच पंधरवड्यातल्या आहेत. यातल्या काही नंतर दुरुस्तही करता येत नाहीत.

आधी सँडब्लास्टिंग, मग पश्चात्ताप

रंगाच्या थरांखाली गाडीचा सगळा इतिहास असतो: नोंदणी क्रमांक, तुकडीच्या खुणा, युद्धानंतर फासलेले रंग. वाळूच्या माऱ्यात तो पाच मिनिटांत जातो. शिवाय बॉनेटसारखा सपाट, पातळ पत्रा त्या माऱ्याने लाटांसारखा वाकतो आणि पुन्हा सरळ होत नाही.

त्याऐवजी जिथे खुणा असण्याची शक्यता आहे तिथे (बॉनेटच्या बाजू, बंपर, मागचा पत्रा) नाण्याएवढी जागा निवडा. 600 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने गोल गोल फिरवा, शेवटी 1000 नंबर. थोड्या वेळात झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसू लागतात. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक रंग, सगळ्यात आतलं वर्तुळ सगळ्यात जुनं. मध्येच पांढरा किंवा निळा डाग उमटला, तर थांबा. खाली अक्षर किंवा चिन्ह असू शकतं. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून घासणं ओलंच हवं आणि तोंडावर कापडी नव्हे, बारीक धूळ अडवणारा मास्क हवा.

जुने बोल्ट एका डब्यात फेकणं हीसुद्धा याच जातीची चूक. विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीप दिसायला जुळ्या, पण फोर्डने आपल्या बोल्टच्या डोक्यांवरही ‘एफ’ अक्षर उठवलं होतं. चॅसीचा पुढचा आडवा दांडा विलिसमध्ये गोल नळीचा, तर फोर्डमध्ये उलट्या ‘यू’ आकाराचा असतो. आधी हे तपासा, मगच सुटे भाग मागवा. प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, आत चिठ्ठीसह ठेवा.

इंजिन चालू करून बघण्याची घाई

जीपच्या चार सिलिंडरच्या इंजिनात प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचा-दोन चमचे पातळ तेल सोडा, दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि मग हँडलने हळू फिरवा. स्टार्टर लावू नका. हे साइड व्हॉल्व्ह इंजिन आहे, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असतात. बाजूचं झाकण काढलं की अडकलेला व्हॉल्व्ह डोळ्यांनी दिसतो. तेलाचं पॅन उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तेल ओढणारी जाळी तळाच्या काळ्या गाळाने बुजलेली असते, आणि इंजिन सुरू झाल्यावर बेअरिंगला तेलच पोचत नाही. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट 0.020 इंच, प्लगची 0.030 इंच, फायरिंगचा क्रम 1-3-4-2.

विमानाच्या रेडियल इंजिनात (ज्यात सिलिंडर गोलाकार मांडलेले असतात) धोका वेगळा. इंजिन उभं असताना तेल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साचतं. तेल दाबलं जात नाही. तशात स्टार्टर मारला, तर पिस्टन तेलावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो त्या दिवशी तुटेलच असं नाही. पुढे कधीतरी हवेत तुटतो, म्हणून ही चूक इतकी वाईट. म्हणून आधी मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज देणारी यंत्रं) बंद आहेत याची खात्री करा. तरीही प्रत्येक वेळी स्विच चालूच आहे असं समजून उभे राहा आणि पंखा हाताने क्रँकचे किमान दोन पूर्ण फेरे फिरवा. मध्ये गिअर असेल तर पंखा त्याहून जास्त फिरवावा लागतो.

पंखा अडला तर जोर लावू नका. उलटाही फिरवू नका. उलटा फिरवल्यावर तेल इनटेक पाइपमध्ये जातं, सगळं मोकळं झाल्यासारखं वाटतं, आणि इंजिन सुरू होताच तेच तेल परत सिलिंडरमध्ये ओढलं जातं. खालच्या सिलिंडरचे प्लग काढा आणि तेल पूर्ण गळू द्या. याला दुसरा उपाय नाही.

तात्पुरत्या जोडण्यांचंही तसंच. ‘की बर्ड’ हे अमेरिकी बी-29 बॉम्बर विमान 1947 पासून ग्रीनलंडच्या बर्फात पडून होतं. 1995 मध्ये त्याला नवी इंजिनं बसवून ते उडवण्याच्या तयारीत असताना मागच्या भागातल्या सहायक जनरेटरच्या इंधनातून आग लागली आणि विमान जळून गेलं. चाचणीपुरती टांगलेली टाकी, तारेने बांधलेला पाइप, शेजारी अग्निशामक नाही, असं काही दिसलं तर त्या दिवशी इंजिन सुरू करू नका.

बॅटरी नवी, स्टार्टर नवा, तरी इंजिन रेंगाळतं

युद्धकाळातली जीप 6 व्होल्टवर चालते. तेवढ्याच ताकदीला 12 व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. बाजारातली नेहमीची बॅटरी केबल त्यासाठी बारीक पडते. 50 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल वापरा. दुसरा गुन्हेगार म्हणजे नवा रंग. चॅसी छान रंगवली जाते आणि अर्थिंगची पट्टी त्या रंगावरच कसली जाते. तपासायला सोपं आहे: मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या अर्थ टोकावर, दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवा आणि स्टार्टर मारा. काटा 0.3 व्होल्टच्या वर गेला तर दोष अर्थिंगचा. पट्टीखालचा रंग खरवडून धातू उघडा करा, मग पुन्हा कसा. एवढ्यासाठी गाडी 12 व्होल्टची करून टाकणं मनाला पटत नाही.

आटे आणि चाकं

जीपच्या डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. ते ठाऊक नसल्यामुळे लांब पाइप लावून स्टड तोडले जातात. ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे आटे. अर्धा इंची व्हिटवर्थला इंचाला 12 आटे, अमेरिकन यूएनसी मापाला 13, त्यामुळे तिथे चूक लगेच कळते. पाव इंचीला मात्र दोन्हींत 20 आटे. बोल्ट आत जातो, पण आट्याचा कोन एकाचा 55 अंश, दुसऱ्याचा 60. पकड अर्धवट राहते आणि हादऱ्यांनी नट सुटतो. थ्रेड गेजशिवाय बोल्ट बदलू नका.

दोन भागांच्या कॉम्बॅट रिममध्ये हबचे पाच नट वेगळे आणि रिमचे दोन भाग जोडणारे बाहेरचे नट वेगळे. हवा भरलेली असताना बाहेरचे नट सैल केले तर रिम स्फोटासारखी उडते. आधी व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या.

जे उघडायचंच नाही

जुन्या घड्याळांच्या आकड्यांवर करपट तपकिरी रंग दिसला, तर तो रेडियमचा असू शकतो. तो आता चमकत नाही, कारण त्यातलं झिंक सल्फाइड थकलेलं असतं. रेडियमचं अर्धायुष्य मात्र 1600 वर्षांचं आहे. काच उघडू नका, खरवडू नका, फुंकर मारू नका. गायगर काउंटरने तपासा, बंद पिशवीत घाला आणि राहत्या खोलीत ठेवू नका. जेट विमानाची इजेक्शन सीट (वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची) आणि कॅनपी (त्याच्यावरचं पारदर्शक झाकण) यांच्याही जवळ जायचं ते त्यातली काडतुसं काढल्याची लेखी खात्री प्रशिक्षित माणसाकडून मिळाल्यावरच.

ॲल्युमिनियमला लोखंडासारखं वागवणं

लोखंडी ब्रश किंवा स्टील वूलने ॲल्युमिनियम घासलं की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि काही महिन्यांत तिथेच पांढरी पूड व खड्डे पडतात. नायलॉनचे पॅड वापरा. लोखंडाचा गंज काढायला धुण्याच्या सोड्याचं विजेचं कुंड उत्तम, पण ॲल्युमिनियम त्यात विरघळतं. त्या कुंडात स्टेनलेस स्टीलची पट्टीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. स्प्रिंग आणि कडक पोलादाचे बोल्टही त्यापासून दूर ठेवा, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात.

विमानाच्या पत्र्याचे रिव्हेट बदलताना जुन्याच्या डोक्यावर मधोमध खळगी असेल तर तो 2117 या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे. साधा मऊ रिव्हेट तिथे चालणार नाही. ठोकलेलं डोकं रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच भरलं पाहिजे.

समुद्रातून निघालेला भाग उन्हात वाळवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सांध्यांत अडकलेलं मीठ हवा लागताच धातू खाऊ लागतं. 2013 मध्ये इंग्लिश खाडीतून काढलेलं डॉर्नियर 17 हे जर्मन बॉम्बर विमान म्हणूनच इंग्लंडमधल्या कॉसफर्डच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) संग्रहालयात नेऊन सौम्य सायट्रिक ॲसिडच्या फवाऱ्याखाली दीर्घकाळ ठेवलं गेलं. घरच्या शेडमध्ये हे जमणार नसेल, तर तुकडा गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा आणि संग्रहालयाला विचारा. नॉर्वेच्या गोड्या तळ्यातून 1973 मध्ये काढलेलं हॅलिफॅक्स डब्ल्यू 1048 हे ब्रिटिश बॉम्बर विमान लंडनच्या आरएएफ संग्रहालयात जवळजवळ जसं निघालं तसंच ठेवलं आहे, चुरगळलेल्या पत्र्यासकट.