गृहकर्जाआधी सिबिलवर एन्क्वायऱ्यांची रांग कशी टाळाल?

नाशिकचा पाथर्डी फाटा असो की आडगाव, सॅम्पल फ्लॅट पाहून खाली उतरलं की साइट ऑफिसात कर्जाचा एजंट बसलेलाच असतो. "पॅन-आधार देऊन ठेवा साहेब, चार बँकांत टाकून बघतो." तिथेच हात आखडता घ्या. चार बँका तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्ज-हप्त्यांची नोंद, उघडणार आणि घर एकच असलं तरी एन्क्वायऱ्या, म्हणजे बँकेने रिपोर्ट मागवल्याच्या नोंदी, चार लागणार.

पहिलं काम, अर्जाच्या दोन-तीन महिने आधी स्वतःचा रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्वतः पाहिल्याने स्कोअर घसरत नाही, ती भीती उगाचची. 300 ते 900 मधल्या आकड्यावर न थांबता खाली एन्क्वायरीच्या रकान्यापर्यंत जा. बँकेचं नाव, तारीख, कर्जाचा प्रकार, रक्कम, सगळं असतं. दसऱ्याला स्कूटर घेताना शोरूमवाल्याने तीन फायनान्स कंपन्यांत कागद टाकले असतील, तर तेही तिथे दिसतं. अनोळखी नोंद दिसली की लगेच ऑनलाइन तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद आहे.

एका एन्क्वायरीने फार तर थोडे गुण जातात आणि हप्ते वेळेवर असतील तर ते भरूनही येतात. चुकलेला हप्ता किंवा काठोकाठ वापरलेलं कार्ड जास्त नडतं. पण कर्ज अधिकारी नुसता आकडा बघत नाही. "गेल्या महिन्यात पर्सनल लोनला अर्ज होता, घेतलं का?" असं तो विचारणारच. घेतलं असेल तर तो हप्ता तुमच्या पात्रतेतून वजा होतो.

मग तुलना करायचीच नाही का? करायची, पण तोंडी. शाखेत जाऊन तुमचा स्कोअर सांगा, दर आणि प्रोसेसिंग फी विचारा, तो प्रोजेक्ट त्या बँकेने मंजूर केलाय का तेही विचारा. 50 लाख, 20 वर्षं: 8.5 टक्क्यांना हप्ता सुमारे 43,390 आणि 8.75 ला 44,185. महिन्याला 800 रुपये म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

अर्ज एकाच बँकेत, फार तर दोन. एजंटमार्फत गेलात तर पॅनच्या झेरॉक्सवर "फक्त अमुक बँकेच्या गृहकर्जासाठी" असं लिहून तारीख घाला, सही करा.

कर्जाची रक्कम हातात पडेपर्यंत नवं कार्ड नको, हप्त्यावर फ्रिजही नको. रक्कम सोडण्याआधी बँक रिपोर्ट पुन्हा उघडू शकते. नकार आलाच, तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या बँकेत धावू नका, आधी कारण विचारा. कार्डाची थकबाकी निघाली तर ती भरा. 2025 पासून बँका या कंपन्यांना निदान दर पंधरवड्याला नोंदी पाठवतात. तुमची दुरुस्ती रिपोर्टमध्ये उमटली की मगच पुढचा फॉर्म भरा.